मतपत्रिकेवरचा शिक्का

लिफ्टमध्ये फोन बघत उभं राहू नये, असं मी क्लिनिकमधल्या नव्या मुलींना बजावत असते, आणि त्या रविवारी सकाळी पावणेसातला दोह्याच्या वेस्ट बेमधल्या आमच्या बत्तीस मजली इमारतीत वर चढताना मी स्वतः तेच करत होते. सोळाव्या मजल्यावर दार उघडलं, माणसं बाहेर पडली, दार मिटलं, आणि मी आतच राहिले. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. मेल चार ओळींची होती, अमेरिकेतल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयातून आलेली. काँग्रेसच्या निवडणुकीसाठी आपण परदेशातून आगाऊ पाठवलेली मतपत्रिका मिळाली, धन्यवाद. परंतु घोषणापत्रावरची सही आमच्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. त्यामुळे आपलं मत तूर्त मोजता येणार नाही. खाली एक फोन नंबर आणि एक शेवटची तारीख. सही जुळत नाही! माझी, लिझी डाबरेची! पस्तीस वर्षं मी सह्या करतेय. माझ्या सहीवर कपाटातून मॉर्फिन निघतं, रक्ताच्या पिशव्या लागतात, माणसं ऑपरेशनला जातात, बरी होऊन घरी जातात, आणि जी घरी जात नाहीत त्यांच्या शेवटच्या कागदावरही माझीच सही असते. एवढ्या वर्षांत त्या सहीकडे कुणी निरखून बघितलं नव्हतं, आणि आता सातासमुद्रापलीकडून कुणी म्हणतंय की ही बाई ती नव्हे. मी सोळाव्या मजल्यावर उतरले तेव्हा ड्युटीला चार मिनिटं उशीर झाला होता.

दिवसभर हात आपलं काम करत राहिले. हातांना माझी गरज नसते. ब्लडप्रेशर घेतलं, एका म्हाताऱ्या कतारी बाईंच्या पायाचं ड्रेसिंग केलं, त्या ‘शुक्रन’ म्हणाल्या तेव्हा हसलेसुद्धा. पण डोक्यात एकच भुंगा. मतच ना, गेलं तर गेलं, असं मी मनाला समजावून बघितलं. मन ऐकेना. सत्तावन्न वर्षांची झाले मी, आणि आजवर एकदाही मत दिलेलं नाही हे कुणाला सांगायची सोय नव्हती. वसईत नर्सिंग संपवून बाविसाव्या वर्षी मस्कतला गेले, तेव्हा यादीत नाव लागायचं होतं. पुढं नाव लागलं. एकदा सुट्टीवर घरी आले आणि नेमकी निवडणूक. आठ दिवस रिक्षांवरचे भोंगे बोंबलत होते, गल्लीत पत्रकांचा सडा, आणि मला त्या सगळ्याचा असा काही हुरूप आला की मी नवा ड्रेस घालून शाळेतल्या केंद्रावर दोन तास रांगेत उभी राहिले. टेबलामागच्या मास्तरांनी पट्टी लावून यादी वरून खाली तपासली. "डाबरे बाई, तुमचं नाव कमी केलंय. तुम्ही बाहेर असता ना?" एवढंच म्हणाले, वाईट बोलले नाहीत. बाहेर माझी नणंद शाई लागलेलं बोट फुंकत उभी होती. मी माझा हात पर्सखाली धरला. दुपारी मावशीकडे सगळे जेवायला जमणार होते, आणि तिथं कुणी विचारू नये म्हणून मी भाचीच्या दप्तरातलं जांभळं स्केचपेन घेऊन न्हाणीघरात माझ्याच बोटावर एक रेघ ओढली. तिशी ओलांडलेली बाई मी, एका मुलीची आई! जेवताना मावशी म्हणाली, "कुणाला दिलंस गं?" मी म्हटलं, गुप्त असतं. सगळे हसले. ती लाज मला अजून जशीच्या तशी आठवते.

त्यानंतर आखातातली वर्षं. इथं आपण पाहुणे, आणि पाहुण्यानं यजमानाच्या स्वयंपाकात लुडबुड करू नये हे मला मान्य आहे; इथल्या लोकांनी मला कधी वाईट वागवलं नाही. पण पाहुणचार तरी किती वर्षं घ्यायचा? बोलताना आमच्या तोंडी कायम ‘ते’. त्यांनी नियम बदलला, त्यांनी रस्ता बंद केला, ते बघतील, ते ठरवतील, इन्शाल्ला. अमेरिकेत परीक्षा देऊन गेले तेव्हा ॲश्लिन दहा वर्षांची होती. सॅबी, म्हणजे माझा नवरा सबॅस्टियन, दोह्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडायला तयार नव्हता, म्हणून आम्ही मायलेकी तिकडं आणि तो इकडं, अशी नऊ वर्षं काढली. त्या काउंटीच्या हॉस्पिटलात एका नर्सकडे नऊ-नऊ पेशंट असायचे. एका सकाळी मी चार नंबरच्या खाटेवर सलाईन लावत असताना सात नंबरचे हॅरल्ड आजोबा एकटेच उठायला गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं, आणि तीन आठवड्यांत संपले. मी दोन पानी रिपोर्ट लिहिला. तो कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. आता तिथून काँग्रेससाठी उभी असलेली डॉना ही स्वतः वीस वर्षं नर्स होती, आणि एका नर्सकडे किती पेशंट असावेत याचा कायदा करीन असं ती दारोदार सांगत होती. आमची ॲश्लिन कॉलेज सांभाळून तिच्या प्रचाराला जात होती. तेव्हा हे मत म्हणजे नुसती हौस नव्हती. हॅरल्ड आजोबांचं मी काहीतरी देणं लागत होते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पॅन्ट्रीत बसून फोनमध्ये माझ्या पाठवलेल्या कागदाचा स्कॅन उघडला, आणि हातातला घास डब्यात परत ठेवला. मतपत्रिका मी तीन आठवड्यांपूर्वी इथंच, ड्युटी संपल्यावर, नर्सिंग स्टेशनच्या प्रिंटरवर काढली होती. चौदा चार्टवर सह्या करून झाल्या होत्या, हात गरम होता. घोषणापत्रावर मी वॉर्डातली सही ठोकली होती. इंग्रजी एल, पुढं एक सापाची वळवळ, शेवटी आर एन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स. आणि तेवढ्यावर थांबले नव्हते. सहीखाली, जांभळ्या शाईत, गोल, ठसठशीत, आमच्या क्लिनिकचा शिक्का! मधोमध अरबीत नाव, खाली माझा लायसन्स नंबर. कुणी मारायला सांगितला होता? कुणीही नाही. पण या देशात शिक्क्याशिवाय कागद म्हणजे नुसता कागद. शाळेचा दाखला असो, औषधाची चिठ्ठी असो, भाड्याचा करार असो, खिडकीतला माणूस आधी शिक्का शोधतो आणि मग अक्षर वाचतो. माझ्या कोटाच्या खिशात शिक्का असतोच. हात गेला, उमटला, खलास. आयुष्यातलं पहिलं मत, ते पक्कं व्हावं म्हणून मी त्यावर शिक्का मारला होता, आणि तिथंच त्यांना संशय आला असणार.

पण नोंदीतली सही कुठली, हे आठवल्यावर मी डोकंच धरलं. महत्त्वाच्या कागदावर मी मराठीत सही करते. लग्नाच्या नोंदवहीत, पासपोर्टवर, ॲश्लिनच्या जन्मदाखल्यावर. आमची शाळा मराठी, दहावीच्या फॉर्मवर सही करायच्या आधी सिस्टरनी सगळ्या मुलींना रांगेत बसवून पाटीवर सही घोटून घेतली होती, आणि म्हणाल्या होत्या, "पोरींनो, सही म्हणजे आपला चेहरा. रोज नवा लावायचा नसतो." अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी हॉलबाहेर दोन म्हाताऱ्या बायका टेबल मांडून मतदार नोंदवत होत्या. मी विचारलं, इंग्रजीतच सही करायची का? त्यातली एक म्हणाली, तू नेहमी करतेस तशी कर, राणी. मी झोकात ‘लिझी सबॅस्टियन डाबरे’ केली, वर लांबलचक रेघ ओढली. पुढं चार महिन्यांत सॅबीची ॲन्जिओप्लास्टी झाली, ॲश्लिनला हॉस्टेलवर ठेवून मी दोह्याला आले, आणि त्या टेबलाचा मला साफ विसर पडला. वॉर्डाच्या घाईत मी दुसराच चेहरा लावून गेले होते.

संध्याकाळी सहाला ॲश्लिनचा व्हिडिओ कॉल. तिच्याकडे रविवारची सकाळ, केस विस्कटलेले, मागं प्रचाराच्या पाट्यांची चळत. "ममा! यू आर ऑन माय लिस्ट!" ती ओरडली. अडकलेल्या मतांची यादी प्रचारकांना मिळते, आणि एकेकाला फोन करून मत सोडवून घ्यायचं काम तिच्या टीमकडे होतं. दोनशे चाळीस नावं, त्यात एकशे सातवं आईचं. "व्हॉट डिड यू इव्हन डू?" मी सांगितलं. शिक्क्याचं ऐकून ती इतकी हसली की फोन पडला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "ममा, इट्स गोइंग टु बी सो क्लोज. प्लीज फिक्स इट." मी म्हटलं, "अगं बाई माझी, करते. तू आधी नाश्ता कर." सॅबी सोफ्यावर बसून हे ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "सोड ना लिझी. इथं राहून कशाला त्या राजकारणात पडायचं? क्लिनिकचा शिक्का मारून बसलीस. कुणी विचारलं तर?" मलाही तीच धास्ती होती, म्हणून मला जास्तच राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच आमच्या मॅनेजरबाईंपुढं, माहनूर मॅडमपुढं, जाऊन उभी राहिले आणि झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सिस्टर लिझी, आपने वोट पे स्टॅम्प मारा?" आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागल्या. म्हणाल्या, परत मारू नका, आणि जिंकलात तर मिठाई आणा. माझी अर्धी धास्ती तिथंच उतरली.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, म्हणजे तिथलं कार्यालय सकाळी आठला उघडताच, मी फोन लावला. पॅटी नावाच्या बाईंनी घेतला. आवाजावरून साठीच्या असाव्यात, आणि कॉफी पीत होत्या. माझी फाईल उघडली. मग अगदी सांभाळून म्हणाल्या, की आमच्या नोंदीत सही आहे का चित्र आहे हेच आम्हाला कळत नाहीये. एक आडवी दोरी दिसते आणि तिच्यावर कुणी कपडे वाळत घातलेत. मी म्हटलं, तीच माझी सही. "आणि आता आलेल्या कागदावर एका परदेशी सरकारचा शिक्का आहे." मी म्हटलं, सरकारचा नाही हो बाई, दवाखान्याचा आहे, आणि तो मीच मारलाय, कौतुकानं. पलीकडे कॉफीचा ठसका लागला. पण नियम तो नियम. त्यांनी एक फॉर्म पाठवला. त्यावर नोंदीतल्यासारखी सही करायची, सोबत पासपोर्टची प्रत जोडायची, आणि मेल करायची. दोन माणसं दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून जुळवून बघतील. "दोरीवाली करा," पॅटी म्हणाल्या, "आणि कृपा करून दुसरं काही मारू नका."

फॉर्म घेऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसले. सोपं होतं की! आपलंच नाव. सरावासाठी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकदा केली, आणि थबकले. पासपोर्टवरची सही शेजारी ठेवली. ही ती नव्हती. तीन वर्षांत मी मराठीत सही केली नव्हती. बाजाराची यादीसुद्धा फोनमध्ये. ‘झी’ची वेलांटी आखडली होती, ‘स्टि’ दुमडून बसला होता, ‘डा’चं पोट सुटलं होतं, आणि वरची रेघ, जी एका झोकात जायची, ती दोनदा अडखळत होती. दुसरी केली, तिसरी केली. जितकी मन लावून करावी तितकी ती कुणी तरी माझी नक्कल केल्यासारखी दिसायला लागली. पंचवीस झाल्या, चाळीस झाल्या. मला खरोखरीची भीती वाटली. समजा या दोन माणसांनीही मान हलवली, की ही ती नव्हे, तर? मग मी कोण? वसईच्या यादीतून कमी केलेली, दोह्यात पाहुणी, तिकडं संशयित. कुठल्याच कागदाशी जुळत नाही अशी एक बाई टेबलाशी बसलीय आणि स्वतःचं नाव घोटतेय, दहावीतल्या पोरीसारखं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कॅलेंडरवर पडू नये म्हणून मी खुर्ची मागं सरकवली.

सॅबी मागं येऊन उभा होता हे मला कळलंच नाही. "बघ," तो म्हणाला, "जिवाला नसता घोर. एक मत गेलं तर काय अमेरिका बुडणार आहे? मी नाही कधी दिलं, माझं काय अडलं?" आणि माझं टाळकं सरकलं. "तुझं नाही अडलं, कारण तुझ्या वाटचं सगळं मी बघते," मी म्हणाले. "भाडं वाढलं की तू म्हणतोस ते वाढवतात. पगार थांबला की तू म्हणतोस ते देतील. देव ठेवतो तसा राहतोस, आणि मलाही तसंच राहा म्हणतोस. मी नाही राहणार. नऊ पेशंट मी सांभाळलेत, तू नाही. हॅरल्ड आजोबा माझ्या पाळीत पडले. मला एकदा, जन्मात एकदा, कुणी विचारलंय की बाई, तुझं काय म्हणणं आहे, आणि ते मी सांगणार. सांगणार म्हणजे सांगणार!" बोलता बोलता फॉर्म पुढं ओढला आणि त्यावर सही केली. केली म्हणजे, झाली. मी बघितलंसुद्धा नाही. सॅबीनं बघितली. पासपोर्ट उचलून शेजारी धरला, चष्मा कपाळावर चढवला, आणि त्याच्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला. वेलांटी तपासली, रेघेचं टोक तपासलं. मग हळूच म्हणाला, "लिझी, एका मिलिमीटरचा फरक नाही गं." भांडण अर्धवटच राहिलं. त्यानं स्वतः उठून फॉर्म स्कॅन केला, मेलला जोडला, आणि पाठवायचं बटण मला दाबायला दिलं.

पुढच्या दिवसांत मी फोन किती वेळा उघडला याची मोजदाद नको. काउंटीच्या पानावर आपलं नाव टाकलं की आपल्या मताचा ठावठिकाणा दिसतो, पार्सलचा दिसावा तसा. ‘मिळाली.’ ‘तपासणी चालू.’ दोन दिवस नुसती तपासणी चालू. गुरुवारी सकाळी ड्रेसिंगचा ट्रे धुऊन हात पुसले आणि पान उघडलं, तर हिरव्या अक्षरांत, ‘स्वीकारली. मोजणीत घेतली जाईल.’ मी तिथंच सिंकपाशी दोन्ही हात वर करून उभी राहिले. केरळची सिसिली आणि नेपाळचा सफाईवाला धावत आले, त्यांना वाटलं मला भाजलं. मी दोघांना सांगितलं. सिसिलीनं मला मिठी मारली, आणि ज्याला स्वतःच्या गावी मत द्यायला जाता आलं नव्हतं तो नेपाळी भाऊ म्हणाला, "बधाई हो, दीदी," असं की जणू मला नात झालीय. इतका आनंद मला माझ्या कुठल्याही परीक्षेत झाला नव्हता.

निवडणूक झाली, पण निकाल लागेना. कधी डॉना पुढं, कधी मागं. पंधरा दिवस टपालाची, परदेशातली, अडकून सुटलेली मतं मोजत होते. त्या शनिवारी आम्ही समैस्माच्या किनाऱ्यावर गेलो होतो. हवा छान पडली होती, सॅबी शेगडीवर सुरमई भाजत होता, आणि मी वाळूत पाय पसरून कांदा चिरत होते. ॲश्लिनचा फोन आला. तिला बोलताच येत नव्हतं, मागं माणसं ओरडत होती, कुणी डबे वाजवत होतं. "ममा! वी वन! थ्री हंड्रेड अँड इलेव्हन!" तीनशे अकरा. लाखांच्या मोजणीत तीनशे अकरा मतांनी! तिच्या टीमनंच दीडशेहून जास्त मतं सोडवली होती. मी सुरी टाकली आणि नाचले. होय, सत्तावन्नाव्या वर्षी, गुडघ्यांसकट, किनाऱ्यावर, परक्यांदेखत. शेजारच्या चटईवरचं कतारी कुटुंब बघायला लागलं तेव्हा मी त्यांना ओरडून सांगितलं, "वी वन!" त्यांनी काही न विचारता टाळ्या वाजवल्या आणि खजुरांची थाळी पाठवली. सॅबी म्हणाला, "आपण जिंकलो म्हणायचं का गं?" मी म्हटलं, "मी जिंकले. तुला मासा भाजल्याबद्दल थोडं देईन." तो इतका हसला की सुरमईची एक बाजू करपली.

खाऊन झाल्यावर मी हात धुतले, फोन घेतला आणि डॉनाच्या कार्यालयाचा पत्ता शोधून मेल लिहायला बसले. अभिनंदन एका ओळीत उरकलं. मग मुद्द्यावर आले. चार नंबरची खाट, सात नंबरची खाट, मधलं अंतर, नऊ पेशंट, हॅरल्ड आजोबांचं वय आणि तारीख. मी तुमची मतदार आहे, कायद्याचा मसुदा कधी मांडणार ते कळवा. सॅबीनं खांद्यावरून वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, बाई आत्ता निवडून आली. तिला श्वास तरी घेऊ दे!"

"घेऊ दे की," मी म्हटलं. "माझं वाचून झालं की मग."

आणि मेल पाठवून दिली.